पाच डॉलरचा दिवस

न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात ज्युरीसाठी बोलावलेल्यांच्या खोलीत परवा पूर्ण दिवस बसून होते. शेजारच्या खुर्चीवर गोदामात काम करणारा एक माणूस होता. पायात कामावरचे जाड बूट, डोळे तांबारलेले. रात्रपाळी संपवून तो तसाच कोर्टात आला होता. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तुम्हाला आजचा पगार मिळेल ना?" मी हो म्हटलं. "माझा खाडा," तो म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

न्यू जर्सीत ज्युरीला पहिले तीन दिवस रोजचे 5 डॉलर मिळतात, चौथ्या दिवसापासून 40. इथलं किमान वेतन ताशी 15 डॉलरच्या वर आहे. आठ तासांचा हिशेब मांडा. कायद्याचं बोलावणं पाळल्याबद्दल त्या माणसाच्या घरातून त्या दिवशी शंभराहून जास्त डॉलर गेले.

माझा पगार कापला गेला नाही, कारण मी ठरलेल्या पगारावर आहे. ओव्हरटाइमचा हक्क नसलेल्या अशा पगारदारांनी त्या आठवड्यात थोडंही काम केलं असेल, तर ज्युरीच्या दिवसांचे पैसे मालकाला कापता येत नाहीत, असा केंद्राचा नियम आहे. फार तर कोर्टाने दिलेला भत्ता तो वळता करून घेऊ शकतो. तासावर राबणाऱ्याला हे संरक्षण नाही. न केलेल्या कामाचे पैसे द्याच, असं केंद्राचा वेतन कायदा मालकाला सांगत नाही. ज्याला एक दिवसाचा खाडा सोसतो त्याचा पगार शाबूत आणि ज्याचं हातावर पोट त्याच्याच पोटाला चिमटा. हे मला उलटं वाटतं, आणि अन्यायाचंही.

नोकरी मात्र कुणाचीच जाऊ शकत नाही, आणि हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं. मागे एका नोकरीत माझ्या साहेबांनी समन्स पाहून "आत्ता काम सोडून जाणार?" असा प्रश्न केला होता. मी घाबरून तारीख पुढे ढकलून घेतली. आज तशी घाबरणार नाही. ज्युरीसाठी गेल्याबद्दल कामगाराला शिक्षा करणं, धमकावणं, दबाव आणणं हा न्यू जर्सीत मालकाचा गुन्हा आहे. कामगाराला 90 दिवसांत दावा लावता येतो, नोकरी परत मागता येते, नुकसानभरपाई आणि वकिलाचा खर्चही मागता येतो. केंद्राच्या कोर्टातल्या ज्युरीसाठी 1978 चा वेगळा कायदा आहे. त्यात मालकाला प्रत्येक उल्लंघनामागे 5,000 डॉलरपर्यंत दंड आहे आणि कामगाराची सेवाज्येष्ठता अबाधित राहते. समन्स हातात पडताच त्याची प्रत मालकाला ईमेलने पाठवा. तोंडी सांगून भागवू नका.

एडिसनच्या मराठी घरांत आणखी एक घोळ होतो. ज्युरीत बसण्याचा हक्क फक्त अमेरिकी नागरिकाला आहे. पण नावं वाहन परवान्याच्या यादीतूनही घेतात, त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांच्या दारातही समन्स येऊन पडतं. ते कचऱ्यात टाकू नये. प्रश्नावलीत 'नागरिक नाही' असं स्पष्ट भरून परत पाठवावं. घाईत 'नागरिक आहे'वर खूण झाली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तीच नडते.

बुडालेल्या मजुरीचा प्रश्न जुना आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय कोर्टात रोजंदारीवाल्यांची नावं यादीतून सरसकट गाळत, का तर दिवसाचे 4 डॉलर त्यांना परवडणार नाहीत. 1946 साली सर्वोच्च न्यायालयाने 'थील विरुद्ध सदर्न पॅसिफिक' खटल्यात ही पद्धत चूक ठरवली. ज्युरीचं काम हे एका वर्गाचं काम नव्हे, असा त्या निकालाचा गाभा. आज नावं कुणी गाळत नाही. पण माझ्या शेजारचा तो माणूस न्यायाधीशांपुढे उभा राहिला, अडचण सांगितली आणि सुटून घरी गेला. त्याच्यासारखे आणखी चौघे गेले. उरलो आम्ही पगारदार आणि निवृत्त मंडळी.

ज्युरीच्या पेटीत कोण बसतं, याचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1908 साली मुंबई हायकोर्टात लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ ज्युरींत सात गोरे होते आणि दोन पारशी. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांवर. भाषांतरं सदोष आहेत, हे लोकमान्य परोपरीने सांगत राहिले. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं, न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि लोकमान्य मंडालेला गेले.

वाट नाही असंही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ज्युरीच्या पहिल्या तीन दिवसांचा नेहमीचा पगार मालकाने द्यायचा, त्यानंतर राज्य दिवसाला 50 डॉलर देतं. त्यात तासावरचा कामगारही आला. न्यू जर्सीत हाच नियम हवा, आणि तो मागायला आपण आपल्या आमदाराला पत्र लिहू शकतो. नागरिक झालो ते एवढ्यासाठीही झालो.

कायदा होईल तेव्हा होईल. या राज्यात आपल्या मराठी माणसांची किराणा दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, छोट्या कंपन्या आहेत. तुमच्याकडे दोनच माणसं कामाला असतील, तरी त्यांच्यापैकी कुणाला समन्स आलं तर त्या तीन दिवसांचा पगार कापू नका, एवढं मागणं आहे.