तलवार परत आली, लोहाराचे काय?

🧵 धागा : चांदा-गडचिरोलीचे लोखंड आणि त्याचे अनामिक कर्ते

१/
अमेरिकेतील नामांकित सुरी-कारागीर बिल मोरन २००६ साली निवर्तले. १९७३ च्या एका प्रदर्शनात त्यांनी ‘दमास्कस’ पोलादाच्या सुऱ्या मांडल्या आणि हाताने पाते घडवण्याच्या कलेला तिकडे नवा जोम आला. आजही तेथील लोहार त्यांचे नाव आदराने घेतात.

२/
मूळ दमास्कस पात्यांची ख्याती ज्या पोलादावर उभी राहिली, ते दख्खनमधून जाई. गडचिरोलीच्या दक्षिण सीमेवरील गोदावरी ओलांडली की पलीकडे निजामाबाद भागात कोनसमुद्रम आहे. तेथे मुशीत पोलाद तयार होई आणि ते न्यायला इराणी व्यापारी येत. (मोरन यांचे पोलाद थर जोडून केलेले, मुशीतले नव्हे. नाव तेवढे तेच.) इस्फहानच्या असदुल्लाचे नाव पात्यावर असले की किंमत चढे, म्हणून दुसऱ्यांच्या पात्यांवरही ते कोरले जाई. कोनसमुद्रमच्या एका तरी मुशीवाल्याचे नाव कोणा इतिहासप्रेमीने सांगून दाखवावे.

३/
आता घरचे उदाहरण. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपयांना सेनासाहेब सुभा रघूजी भोसले यांची तलवार घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. हेच ते रघूजी, ज्यांच्या काळात १७५१ साली चांद्याचे गोंड राज्य नागपूरकरांकडे गेले. स्वागत झाले, मिरवणूक निघाली, छायाचित्रे फिरली. आनंद रास्तच होता.

४/
पण पात्यावरची सोन्याची अक्षरे नीट वाचावीत. मालकाचे नाव आहे, पदवी आहे आणि शेवटी ‘फिरंग’ हा शब्द आहे, म्हणजे युरोपी पाते. त्या परदेशी लोहाराला निदान मुलूख तरी मिळाला. ज्याने त्या पात्याला मूठ बसवली, ज्याने ती सोन्याची अक्षरे भरली आणि जो शिकलगार त्याला धार लावत राहिला, त्यांना तेवढेही मिळाले नाही. तलवारीवर शेकडो लेखने झाली. हा प्रश्न मात्र जवळपास कोणी विचारला नाही.

५/
यावर ठरलेले उत्तर येते : “साधनेच नाहीत.” हे उत्तर आळशी आहे. लोहार बलुतेदार होता. गावगाड्याच्या कागदांत त्याचा हक्क नोंदलेला सापडतो. अठरा कारखान्यांत शिलेखाना होता. जुन्या भट्ट्यांच्या जागी लोखंडाची मळी अजून मातीत पडलेली असते. १९४२ साली व्हेरिअर एल्विन यांनी मध्य प्रांतातील अगारिया या लोखंड गाळणाऱ्या जमातीवर अख्खा ग्रंथ लिहिला. बखरीत जे नाही ते घडलेच नाही, असे मानणाऱ्याने इतिहासाची शेखी मिरवू नये.

६/
चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाची कथा तर सर्वांना पाठ असते, पण ती टाटांची कथा म्हणून. १८८२ मध्ये जमशेटजींनी रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा लोहाऱ्यावरील अहवाल वाचला. खनिज उत्तम होते, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीस अयोग्य ठरला. पुढे कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. या कथेत लोहारा ही केवळ हुकलेली संधी उरते. ज्या गावाच्या नावातच लोहार ऐकू येतो, तेथे अहवाल लिहिला जाण्याआधी लोखंड कोण गाळीत होते, हे कथा सांगत नाही.

७/
गाळणारे स्थानिकच होते. मातीची बुटकी भट्टी, चामड्याचा भाता, थरावर थर खनिज आणि लोणारी कोळसा. लोखंड वितळून वाहत नसे. मळी निथळून गेली की तापलेला सच्छिद्र गोळा उरे आणि तो घणाखाली ठोकून घट्ट करावा लागे. केव्हा थांबायचे, हे ज्वाळेच्या रंगावरून कळे. ही विद्या आपोआप मेली नाही. १८७८ च्या वन कायद्याने कोळशासाठी लागणाऱ्या लाकडावर सरकारी मालकी आली आणि त्याच दशकात वरोऱ्यापर्यंत पोचलेल्या रेल्वेने स्वस्त विलायती लोखंडाला वाट करून दिली. भट्टी विझली. लोहार उरला, पण विकतचे लोखंड ठोकणारा.

८/
आज चंद्रपूरच्या ऊर्जानगरलगत २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे आणि सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक गडचिरोलीच्या रस्त्यांवर धावतात. त्याच मुलखात गावोगावचा लोहार गाडीच्या जुन्या पाट्यांतून विळे, कुऱ्हाडी आणि सुऱ्या घडवतो. बुरुडाला बांबू चिरायला वेगळे पाते लागते, खाटकाला वेगळे; गिऱ्हाइकाचा हात पाहून तो मूठ ठरवतो. परदेशात याच कामाला सन्मानाने ‘कस्टम’ म्हणतात. येथे असा म्हातारा गेला की त्याची ऐरण भंगारात वजनावर विकली जाते.

९/
रघूजींच्या तलवारीखालच्या फलकावर दोन ओळी वाढवाव्यात : “पाते : युरोप, कर्ता अज्ञात. मूठ व अक्षरे : कर्ते अज्ञात.” आणि ऊर्जानगरच्या आसपास राहणाऱ्या इतिहासप्रेमींनी येत्या बाजाराच्या दिवशी विळा घेताना भाव करण्याआधी तीन गोष्टी विचारून, परवानगीने, वहीत लिहून घ्याव्यात : लोहाराचे नाव, त्याला काम कोणी शिकवले आणि त्या शिकवणाऱ्याला कोणी.