हवा काढताना

जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री जीपच्या ब्रेकची हवा काढत होता. ‘मार पंप… आता धरून ठेव!’ पोरगं पेडल दाबून बसलं, नट अर्धा आटा सैल झाला, नळीतून आधी बुडबुडे आले, मग नितळ तेल. असं काही पाहिलं की मला वैमानिक कॅप्टन अमोल यादव आठवतात. मुंबईत, कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं; २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं गेलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. सगळे उड्डाणाबद्दल बोलले, मला कुतूहल त्याच्या चाकांचं. अशा छोट्या विमानांत बहुधा डाव्या-उजव्या चाकाला वेगळा ब्रेक असतो, चवड्यानं दाबायचा. एका बाजूला हवा राहिली की विमान धावपट्टीवर दुसऱ्या बाजूला ओढतं. तेल तिथे पुष्कळदा खालून, चाकाकडून वर ढकलतात, कारण बुडबुडा वरच जातो. आणि तेल लाल, खनिज, विमानाचंच हवं. त्या ब्रेकमधल्या रबरी सीलना गाडीचं ब्रेक ऑइल सोसत नाही, ती खराब होतात. पेडल मऊ लागलं तर हवा शोधायची. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं तर गळती, नाहीतर मास्टर सिलिंडरचं सील. आमच्या मिस्त्रीनं नट आवळला, फडक्यानं पुसला, आणि कोरडं बोट सांध्याखालून पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.