यमुनेचा पूर आणि आक्रसलेले पूरक्षेत्र
नवी दिल्ली : जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी दिल्लीत २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. हथिनीकुंड बंधाऱ्यातून त्या वेळी सुमारे ३.५९ लाख क्युसेक विसर्ग झाला. २०१९ मध्ये तो ८.२८ लाख असूनही पातळी २०६.६० मीटरवर थांबली होती. पाणी निम्म्याहून कमी, पूर मात्र दोन मीटरने अधिक. गाळ आणि आयटीओ बंधाऱ्याचे अडकलेले दरवाजे ही कारणे खरीच. पण मूळ दुखणे बांधकामांनी आक्रसलेल्या पूरक्षेत्राचे आहे. यमुना जैवविविधता उद्यानातील पाणथळ जागा पुराचे पाणी सामावून भूजलात मुरवतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच पूरक्षेत्रातील बांधकामास मनाई केली. तथापि कारवाईचा पहिला फटका नदीकाठच्या झोपड्यांना व भाजीपाल्याच्या शेतांना बसतो. पक्क्या वास्तू जागच्या जागी राहतात.