शहर पाहायचे कोणत्या बसमधून?

मुंबईत बेस्टच्या साध्या दुमजली बसगाड्या १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्त्यावरून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत, ५ ऑक्टोबरला, उघड्या छताच्या 'नीलांबरी'नेही मुंबईकरांचा निरोप घेतला. राज्य पर्यटन विकास महामंडळाने २६ जानेवारी १९९७ रोजी सुरू केलेली ही सेवा गेटवे, मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल असा दक्षिण मुंबईचा फेरफटका घडवीत असे. वरच्या मजल्याचे तिकीट दीडशे रुपये आणि खालचे पंचाहत्तर. गाडीचे आयुर्मान संपले होते, त्यामुळे निर्णयाला तांत्रिक आधार होताच. तिच्या जाण्याने मात्र सुट्टीत शहर पाहायला येणाऱ्या कुटुंबापुढची निवड अधिक अवघड झाली. आता एकीकडे खासगी 'मुंबई दर्शन'च्या दिवसभराच्या सहली आहेत, तर दुसरीकडे लोकल, मेट्रो आणि बेस्टची साधी बस.

निव्वळ पैशांचा हिशेब केला तर प्रश्न उरतच नाही. मे २०२५ च्या भाडेवाढीने बेस्टचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा रुपये झाले. दैनंदिन पास ७५ रुपयांवर गेला. ही वाढ रोजच्या प्रवाशाला जाचक असली तरी चौघांचे कुटुंब तीनशे रुपयांत दिवसभर हवे तेथे चढू-उतरू शकते. कोणतीही सहल या दराशी स्पर्धा करू शकत नाही.

तरीही माणसे दर्शनाच्या बसचे तिकीट काढतात आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. बरोबर वृद्ध आई-वडील आहेत, कडेवर मूल आहे, हाती एकच दिवस आहे. अशा वेळी पर्यटक किलोमीटरचे भाडे देत नसतो, तो निर्धास्तपणाचे मोल देत असतो. बसायला हक्काची जागा, पिशव्या ठेवण्याची सोय आणि संध्याकाळी निघालो तेथे परत, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. हे सारे सार्वजनिक वाहतुकीत मिळत नाही, निदान आपल्याकडे नाही.

या निर्धास्तपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. गेटवेपासून जुहूपर्यंत एका दिवसात दहा-बारा ठिकाणे 'उरकायची' म्हटल्यावर बराच वेळ वाहतूक कोंडीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी वाट्याला येतात ती मोजकी मिनिटे. शिवाय यादीत काय घ्यायचे हे पुष्कळदा बस कोठे उभी करता येते यावर ठरते. युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेला परिसर याचे उत्तम उदाहरण ठरावा. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवरची व्हिक्टोरियन गॉथिक रांग. समोर आर्ट डेको इमारती. दोन शतकांची वास्तुकला एका मैदानाच्या दोन काठांवर उभी आहे. ती पाहायला तासभर निवांत चालावे लागते. धावत्या बसच्या खिडकीतून डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा म्हणेस्तोवर ती मागे पडते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी तर दर्शनाच्या यादीत क्वचितच असतात. लोकल किंवा मेट्रोने उद्यानापर्यंत सहज जाता येते, हे किती पाहुण्यांना ठाऊक असते?

बर्लिनने ही कोंडी साध्या मार्गाने सोडविली आहे. भिंत कोसळल्यानंतर १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिनला जोडणारी १०० क्रमांकाची बस सुरू झाली. प्राणिसंग्रहालयाजवळच्या स्थानकापासून अलेक्झांडरप्लात्झपर्यंत जाताना ती संसद भवन, ब्रांडेनबुर्ग प्रवेशद्वाराचा परिसर आणि उंटर डेन लिंडेन हा राजरस्ता दाखविते. बस दुमजली, तिकीट मात्र नेहमीचेच. शेजारच्या आसनावर कामावर निघालेला बर्लिनकर असतो. पर्यटकासाठी वेगळी गाडी न सोडताही शहर दाखविता येते, ते असे.

मुंबईत असा मार्ग अशक्य होता काय? मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे पर्यटक आजही ज्या भागात फिरतो त्याच भागातून. फेब्रुवारी २०२३ मध्ये वातानुकूलित विजेरी दुमजली बस आली तीही ए-११५ क्रमांकाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एनसीपीए या मार्गावर. वरच्या मजल्यावरून शहर पाहण्याची हौस तिने थोडीफार भागविली. काचबंद असल्याने समुद्राचा वारा लागत नाही, एवढाच फरक. (मुंबईच्या उकाड्यात काहींना तो फायदाही वाटेल.) अडचण निराळीच आहे. एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला बेस्टचा ताफा २०२५ मध्ये तीन हजारांच्या खाली आला होता. ताफा आटला की थांब्यावरची प्रतीक्षा वाढते. स्थानिक माणूस कंटाळून शेअर टॅक्सी पकडतो, पाहुण्याला तेही ठाऊक नसते. थांब्यावरच्या फलकावर बसचा क्रमांक आणि शेवटचे ठिकाण असते, वाटेत काय पाहायला मिळेल याचा उल्लेख नसतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्याने चित्र बरेच बदलले आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही स्थानके म्हणजे जणू 'नीलांबरी'च्याच मार्गावरील थांबे. रविवारी मेगाब्लॉकमुळे लोकलचे वेळापत्रक कोलमडते, त्या दिवशी तर या मेट्रोचा आधार मोठाच. फक्त जमिनीखालून जाताना शहर दिसत नाही. म्हणून लांबचे अंतर मेट्रोने तोडावे, पुढे चालावे, आणि बस मिळालीच तर खिडकी पकडावी, हा आजच्या घडीला शहाणपणाचा मार्ग दिसतो. घरात चालू न शकणारे कोणी असेल तर अर्थातच सहलीची बस बरी.

पुण्यात दर्शनाची बस खुद्द पीएमपीच चालविते, हे विशेष. तेथेही सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचल्यापासून शनिवारवाडा, तुळशीबाग यांसाठी सहलीची गरज राहिलेली नाही; कात्रज आणि आगाखान पॅलेस अशी दोन टोके एका दिवसात गाठायची असतील तरच ती सोयीची पडते.

बेस्टला यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. 'नीलांबरी'चा जुना मार्ग एका साध्या, दैनंदिन पास चालणाऱ्या क्रमांकाला द्यावा, शनिवार-रविवारी त्यावर पुरेशा गाड्या सोडाव्यात आणि थांब्यांवर वाटेतील स्थळांची नावे मराठीबरोबर इंग्रजीतही लिहावीत. दुमजली गाड्या थोड्या आहेत हे मान्य. पण त्या असतील तेवढ्या सुट्टीच्या दिवशी आगारात उभ्या राहण्यापेक्षा मरीन ड्राइव्हवर असाव्यात, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.