पिंपाची शेगडी आणि हवेचा बंदोबस्त

शहरांतल्या गच्च्यांवर आणि गावाबाहेरील शेतघरांच्या अंगणांत अलीकडे ‘बार्बेक्यू’ या नावाने निखाऱ्यांवरील जी पाकक्रिया रूढ होऊ लागली आहे, तिच्यासाठी बाजारातली महागडी शेगडी विकत न घेता, भंगारातले दोनशे लिटरचे लोखंडी पिंप उभे चिरून, त्याला पाय व बिजागऱ्या जोडून, आपली शेगडी आपणच सिद्ध करण्याकडे हौशी गृहस्थांचा जो कल दिसतो, तो मला सर्वथैव स्तुत्य वाटतो. हरकत आहे ती एवढीच, की या उद्योगात बहुतेकांचे लक्ष रंग, चाके, मुठी आणि आकारमान यांवरच खर्ची पडते. आणि ज्यांवर शेगडीचे बरेवाईट अवलंबून असते, त्या गोष्टी तर डोळ्यांना दिसतच नाहीत.

त्यांतली पहिली हवा. १९५२ साली शिकागोच्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’मध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी, पाण्यावर तरंगत्या खुणेसाठी तिथे तयार होणारा पोलादी गोळा मधोमध कापून, खालच्या अर्ध्यात निखारे आणि वरच्या अर्ध्याचे झाकण अशी जी शेगडी घडवली, तिची कीर्ती पुढे जगभर झाली; परंतु तिचे मर्म त्या गोलाईत नसून बुडाला आणि झाकणाला ठेवलेल्या छिद्रांत आहे. बुडाच्या झरोक्यातून हवा आत यावी, निखाऱ्यांतून वर चढावी आणि झाकणाच्या दुसऱ्या टोकाकडील धुराड्याने निघून जावी, एवढा मार्ग आखून दिला, की एका बाजूस रचलेल्या निखाऱ्यांची धग दुसऱ्या बाजूस ठेवलेल्या कोंबडीवरून फिरून जाते, आणि मांस वरून करपून आतून कच्चे राहण्याचा प्रसंग टळतो. हा झरोका करणे काही अवघड नाही: बुडाशी अंगठ्याएवढी तीन-चार भोके पाडावीत, आणि त्याच मापाने भोके पाडलेली पत्र्याची चकती त्यांवर एका बोल्टने अशी बसवावी, की ती बोटाने फिरेल पण आपणहून घसरणार नाही. कोळशाची जाळी मात्र बुडापासून दोन-तीन इंच उचललेली हवी, नाहीतर गळणारी राखच झरोके बुजवून टाकते.

आपल्याकडे हे ज्ञान नवे नव्हे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून, भोवती लाकडाचा भुसा ठासून, ती बाटली अलगद ओढून घ्यायची आणि बुडाशी पाडलेल्या भोकातून विस्तव लावायचा, अशी भुशाची शेगडी ज्या गृहिणींनी वर्षानुवर्षे चालवली, त्यांना भुसा किती घट्ट ठासावा, म्हणजेच हवेला किती वाट ठेवावी, हे हातानेच कळत असे.

दुसरी अदृश्य गोष्ट म्हणजे पिंपाचा पूर्वेतिहास. त्यातून कीटकनाशक आले होते की रंगाचे द्रावण, याचा दाखला भंगारवाल्याजवळ नसतो. आणि रिकाम्या दिसणाऱ्या बंद पिंपात उरलेली ज्वालाग्राही वाफ गॅस कटरच्या ज्योतीने स्फोट घडवू शकते. म्हणून खाद्यपदार्थांची ने-आण झालेले, उघड्या तोंडाचे आणि आतून अस्तर नसलेले पिंप मिळेपर्यंत थांबण्यातच शहाणपण आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा जाळी तर सर्वथा वर्ज्य समजावी. कारण जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, वारा लागून फुललेल्या कोळशाचा ताप त्याच्या पुष्कळच पुढे जातो, आणि त्यातून उठणारा पांढरा धूर श्वासावाटे छातीत गेलेल्या माणसास काही तासांनी हुडहुडी भरून ताप चढतो. जुन्या फ्रिजमधील चकचकीत जाळ्यांवरही इतबार ठेवू नये. काहींना कॅडमियमचा मुलामा असे, आणि तो याहून विषारी.

तिसरी अदृश्य गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू. त्याला रंग नाही, गंध नाही. आणि निखारे विझत आल्यासारखे दिसले तरी त्याची उत्पत्ती थांबत नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेकशेगडी ठेवण्याची आपली जुनी चाल याच कारणाने घातक होती. आणि आज पावसाची सर आली म्हणून पेटती शेगडी काचांनी बंद केलेल्या बाल्कनीत ओढून घेणारे सुशिक्षित गृहस्थ त्याच चालीची पुनरावृत्ती करत असतात. शेगडीची जागा उघड्या आभाळाखाली; पाऊस आला तर जेवणाचा बेत मोडावा, हा नियम कितीही कठोर वाटला तरी त्यास अपवाद नाही.

विकतच्या शेगडीत ही सारी चौकशी कारखानदाराने आपल्या वतीने केलेली असते, निदान तसे आपण गृहीत धरतो. स्वहस्ते शेगडी करणाऱ्याने ती जबाबदारी स्वखुशीने अंगावर घेतलेली असते, आणि माझ्या मते या उद्योगाचा खरा लाभ वाचलेल्या पैशांत नसून या जबाबदारीतच आहे. तेव्हा ज्याला चकती बोटभर फिरवून विस्तव मंद करता येतो, आणि आपले पिंप कुठून आले हे शपथेवर सांगता येते, त्याची शेगडी पुरी झाली असे समजावे. इतरांनी रंगाचा डबा तूर्त उघडू नये.