पोरांना रडू द्या! मर्दानगी हीसुद्धा जातीचीच शिकवण

पहाटे पाच वाजता मानोऱ्याच्या रस्त्यांवर आमच्या वस्त्यांमधली पोरं धावताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. १६०० मीटरची धाव, गोळाफेक, उंची १६५ सेंटिमीटर, छाती ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. तालुका कोरडवाहू, सोयाबीन-तुरीचा भरवसा नाही, मग वर्दीचं स्वप्न पाहिलं तर बिघडलं कुठं? या पोरांचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्यांचं आणखी एक मोजमाप असतं. ते मैदानावर होत नाही. ते घरात, पानटपरीवर, नातेवाइकांच्या बैठकीत होतं आणि पोरगं पाच वर्षांचं असल्यापासून सुरू होतं.

"पोरीसारखा काय रडतो?" "बांगड्या भर हातात." "बहिणीवर लक्ष ठेव." "बायकोचं ऐकतो, तो कसला मर्द?" हे ऐकतच आपली पोरं मोठी होतात. लागलं तरी रडायचं नाही, भीती वाटली तरी सांगायचं नाही, जेवलेलं ताट उचलायचं नाही. बाप वारला की चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून लोक सांगतात, "आता तूच घरातला कर्ता, रडू नको." अरे, त्याचा बाप गेलाय! पुढच्या हंगामात ते पोरगं दप्तर कोपऱ्यात ठेवून सोयाबीन सोंगायला जातं आणि आपण त्याला शाबासकी देतो.

या गप्प बसण्याची किंमत काय? २०२२ साली देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात शंभरातले जवळपास ७२ पुरुष होते. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात आपला वाशीम होता. कर्ज, नापिकी, पडलेले भाव ही कारणं खरी आहेत आणि त्याची जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही. पण संकटात सापडलेला माणूस घरात बायकोजवळही बोलत नाही, मित्राजवळही रडत नाही. हे त्याला कुणी शिकवलं? आपणच शिकवलं, तो पाच वर्षांचा असताना.

याचा अर्थ पुरुषांवरच अन्याय होतो, असं आम्ही म्हणत नाही. मार खाते ती बाईच. जिचं शिक्षण थांबतं ती पोरगीच. आमचा मुद्दा एवढाच की ही व्यवस्था पोरीला कोंडते आणि पोराला त्या कोठडीचा पहारेकरी करते.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, तेव्हाच या व्यवस्थेचं मूळ दाखवलं होतं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. त्यासाठी बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्या ताब्याची हत्यारं होती. मग "बहिणीवर लक्ष ठेव" हे वाक्य कुठून आलं, ते वेगळं सांगायला हवं का?

याच पहारेकरी मर्दानगीने आपली पोरं मारली आहेत. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात १७ वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला मारल्याचा आरोप होता. २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. आपण मोर्चे काढले, ते योग्यच होतं. पण मोर्चावरून घरी येऊन आपल्याच बहिणीचा मोबाईल तपासणाऱ्या पोराला आपण काय म्हणणार? निळा फेटा बांधल्याने ती मर्दानगी आंबेडकरी होत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, "आपला समाज आधीच मार खात आलाय. पोरं नरम झाली तर लढणार कोण?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यातच आहे. १९१७ साली बडोद्याला पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला. त्या दुःखाने आपण किती मोडलो आहोत, हे त्यांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहून कळवलं. लपवलं नाही. आणि त्यानंतर आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडला चवदार तळ्यावर हजारोंच्या पुढे उभे होते. रडणारा माणूस लढू शकत नाही, असं आता कुणी म्हणावं!

हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्यांत त्यांचंच नाव आहे. राजीनाम्याला इतरही कारणं होती, पण बायकांच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारा कायदामंत्री आपला बाप आहे. मग त्याच्या लेकरांना घरात भाकरी थापायची लाज का वाटावी?

करायचं काय? भाषणं पुष्कळ झाली. विहारात आठवड्यातून एक तास पोरांना बोलू द्या आणि मोठ्यांनी फक्त ऐकावं. घरातली भांडी पोरानेही घासावीत. जयंतीच्या मिरवणुकीत नाचायला आणि कमिटीत बसायला पोरींना सारखी जागा द्या. "बायल्या" हा शब्द चळवळीतल्या कुणी शिवी म्हणून वापरला, तर तिथंच थांबवा.

आणि ज्या दिवशी भरतीची यादी लागेल आणि पहाटे धावणाऱ्या एखाद्या पोराचं नाव त्यात नसेल, त्या दिवशी त्याच्या घरी जा. तो "काही नाही, पुढच्या वेळी बघू" म्हणून हसेल. त्याच्या हसण्यावर विश्वास ठेवू नका. जवळ बसा. रडला तर रडू द्या.

जय भीम!