बोंड फोडून दाखवणाऱ्याला खाली बसवू नका



२०१६ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्याच एका तालुका बैठकीत विषय होता कापसाच्या भावाचा. निम्मी भाषणे उरकली होती. मागच्या रांगेतून एक म्हातारे बाबा उठले, दुपट्ट्यात बांधून आणलेली दहाबारा हिरवी बोंडे त्यांनी टेबलावर ओतली आणि एक फोडून आमच्यापुढे धरले. आत सरकीला भिडलेली शेंदरी अळी. "हे बीटीचं बोंड हाये, भाऊ," एवढेच ते म्हणाले.

अध्यक्षस्थानी आम्हीच होतो. "बाबा, आज भावाचा विषय आहे, अळीचे नंतर पाहू," असे म्हणून आम्ही त्यांना बसवले. खरे कारण विषयाचे नव्हते. दारात दोन वार्ताहर उभे होते आणि बीटीच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत नको, ही आमच्या मनात भीती होती. शेतीचे पदवीधर असून आम्ही ते बोंड हातात घेऊन पाहिलेसुद्धा नाही.

पुढच्याच हंगामात, २०१७ साली, त्या अळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस उभ्या झाडावर पोखरला. कवडी वेचायला मजूर मिळेना. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, दोनतीन औषधे एकत्र कालवून फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. बाबांना बोलू दिले असते तर अळी थांबली असती असे नव्हे. पण त्या मंडपातल्या दोनतीनशे जणांनी फरदड ठेवण्याआधी आपापली बोंडे फोडून पाहिली असती, एवढे नक्की.

हे आज लिहिण्याचे कारण असे की गावोगाव आम्हाला विचारले जाते, "चळवळ तंत्रज्ञानाच्या बाजूची की विरोधातली?" उत्तर सरळ आहे. आपण बाजूचे आहोत. २००१ साली गुजरातेत नवभारत १५१ या वाणात बीटीचे जनुक सापडले आणि सरकारने उभे पीक उपटून जाळण्याचा हुकूम काढला, तेव्हा शरद जोशींची शेतकरी संघटना त्या शेतकऱ्यांच्या मागे उभी राहिली. सरकारने परवानगी दिली ती नंतर, मार्च २००२ मध्ये, आणि तीही तीनच संकरित वाणांना. शेतकरी सरकारच्या पुढे होता. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेकडो शेतकऱ्यांसमोर तणनाशक सहन करणारे बिनपरवान्याचे बियाणे उघडपणे पेरले गेले, तेव्हा कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. तरी ते दिवसाढवळ्या, नाव-गाव सांगून पेरले. चोर बीटी म्हणून अंधारात विकत घेण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. काय पेरायचे ते आमचे आम्ही ठरवू, यात काडीचाही बदल नाही.

पण काय पेरायचे हे ठरवायचे कशावर? दुकानदाराच्या बोलण्यावर, की पाकिटावरच्या चित्रावर? निवड करण्याचा हक्क मागायचा आणि जे घडते ते बोलण्याचा हक्क सोडून द्यायचा, तर तो हक्क कशाचा? ते डोळे बांधून बाजारात सोडणे झाले.

बोंडअळीचेच पाहा. बीटीने हिरव्या बोंडअळीवर काम केले हे कोणी नाकारू नये. सुरुवातीच्या वर्षांत फवारण्या कमी झाल्या, हे आपण आपल्या खिशाने अनुभवले आहे. २००६ साली दोन जनुकांचे बीजी-२ आले. मार्च २०१० मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केले की गुजरातच्या चार जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाली आहे. पुढे २०१४-१५ च्या सुमाराला दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाल्याचे शास्त्रज्ञांना दिसले. म्हणजे आमच्या बैठकीत बाबा बोंड घेऊन उभे राहिले तेव्हा ही बातमी जुनी झालेली होती. ती परिषदांमध्ये होती, इंग्रजी नियतकालिकांत होती. बांधावर आली नव्हती. कंपनीला धंदा सांभाळायचा होता, खात्याला वरून विचारणा होईल अशी धास्ती होती, आणि आम्हाला विरोधकांची. ज्याला त्याला गप्प राहायला आपापले कारण होते.

आपलाही वाटा कबूल करू. बीटीच्या पिशवीत बिगर बीटीचे १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट येत असे. शेताच्या कडेने ते बियाणे लावायचे, म्हणजे त्यावर वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुळतात आणि अळीची चिवट जात लवकर तयार होत नाही. आपल्यापैकी कितीजणांनी ते लावले? बहुतेकांनी बांधावर फेकले. पण ते कशासाठी आहे हे तरी आपल्याला नीट कोणी सांगितले होते? "नियम आहे, लावा," एवढेच. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे, वर फरदड, उन्हाळाभर बांधावर पऱ्हाटीच्या गंजी आणि जिनिंगमध्ये सरकीचे ढीग. शेंदरी अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. आपण तिला बारा महिने पंगत वाढली.

आता दुसरी बाजू. याच अळीचा अमेरिकेत कापसातून समूळ नायनाट झाल्याचे तिथल्या कृषी खात्याने २०१८ साली जाहीर केले. बीटी कापूस त्यांच्याकडेही होता. आपल्याकडे अळीने बीटी पचवले आणि तिकडे अळी संपली, हे कसे? त्यांनी बीटीच्या जोडीला वांझ केलेले पतंग सोडले, हंगाम संपताच शेतातले अवशेष मोडले, आणि ॲरिझोनात तर शेतकऱ्यांनी गठाणीमागे वर्गणी काढून स्वतःची यंत्रणा उभी केली, गावोगाव सापळे लावले, पतंग मोजले आणि आकडे शास्त्रज्ञांच्या हाती दिले. चिवट अळी कुठे सापडते यावर सतत पाळत होती. आपल्याकडे जो बोलेल तो शत्रू अशी रीत. कंपनीवर बोलला तर तो परदेशी पैशाचा, आणि बीटीच्या बाजूने बोलला तर तो कंपनीचा दलाल.

ज्वारीवाल्या भावांनी हे कापसाचे रडगाणे म्हणून सोडून देऊ नये. १९६४ साली सीएसएच-१ ही आपली पहिली संकरित ज्वारी आली. धान्य भरपूर, मुदत कमी. पण मुदत कमी म्हणून ती खरिपात नेमकी परतीच्या पावसात सापडे, कणसावर बुरशी येई, दाणा काळा पडे. कडबा बुटका, आणि भाकरीला गावरानीची गोडी नाही. हे कोणी आधी सांगितले? घरातल्या बायांनी सांगितले, दावणीच्या बैलांनी सांगितले. आम्ही कृषी महाविद्यालयात असताना वाणांच्या तक्त्यात हेक्टरी धान्याचा रकाना पहिला, कडब्याचा शेवटी, आणि भाकरीचा रकानाच नव्हता. म्हणूनच रब्बीत १९३०च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षे हटली नाही. संकरित ज्वारी वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. तिने अडचणीच्या काळात पोटे भरली. पण बाईचे म्हणणे त्या तक्त्यात आले असते तर पैदासकाराचे काम वीस वर्षे आधी योग्य दिशेला लागले असते, असे आम्हाला वाटते.

सरकारने शास्त्रज्ञाचे तोंड बांधले की काय होते, त्याचा मोठा दाखला रशियाचा आहे. निकोलाय वाविलोव्हने जगभर हिंडून बियाण्यांचा प्रचंड संग्रह केला. लिसेन्को नावाच्या सरकारच्या लाडक्या माणसाचे शेतीशास्त्र त्याने मान्य केले नाही. १९४० साली त्याला अटक झाली आणि १९४३ साली साराटोव्हच्या तुरुंगात तो मेला. १९४८ पासून पुढे जवळजवळ सोळा वर्षे त्या देशात अनुवंशशास्त्र शिकवणे हा गुन्हाच होता. गव्हाची आयात करण्याची पाळी आलेल्या त्या देशाची शेती बुडण्याला इतरही कारणे होती, पण बियाणे सुधारणारे हात त्यांनी स्वतःच तोडले होते.

आपल्या देशात तसे काही नाही, म्हणाल. तुरुंग नाही, हे खरे. पण २०२२ साली जीएम मोहरीला पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि लगोलग भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने पत्र काढले की सेवेतल्या किंवा निवृत्त अधिकाऱ्यांनी या विषयावर मत मांडू नये, लेख लिहू नये. निवृत्तांनीसुद्धा! आम्ही मोहरीच्या बाजूचे आहोत. पण मोहरी चांगली असेल तर शास्त्रज्ञाला बोलू द्यायला भीती कशाची? बाजूचा शास्त्रज्ञ गप्प, विरोधातलाही गप्प, मग बोलणार कोण? जाहिरातवाले. पुढे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे या मोहरीवर एकमत झाले नाही. ज्या प्रश्नावर न्यायमूर्तींनासुद्धा दोन मते ठेवता येतात, त्यावर कृषी शास्त्रज्ञाला एकही मत ठेवता येऊ नये, ही गंमत आहे.

मे २०२५ मध्ये कमला आणि पुसा डीएसटी राईस १ असे जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. ही चांगली बातमी आहे. यात बाहेरच्या जिवाचे जनुक घातलेले नाही, भाताच्याच जनुकात दुरुस्ती केली आहे, आणि काम सरकारी संस्थांचे आहे. उद्या याच रीतीने कमी मुदतीची सरळ वाणाची कपाशी आली तर आपण दोन्ही हातांनी घेऊ. पण त्याच सुमाराला परिषदेच्या नियामक मंडळावरच्या शेतकरी प्रतिनिधीने या वाणांवर जाहीर टीका केली आणि त्याला मंडळावरून काढण्यात आले. त्याची टीका आम्हाला पटत नाही. तो चुकला असेल. चुकलेल्याला आकड्यांनी उत्तर द्यायचे असते.

आणि इथे विरोधकांचे एक ऋण मान्य केले पाहिजे. बीटी वांग्याच्या चाचण्यांचे कागद कंपनीचे गुपित म्हणून दडवले होते. विरोधकांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, माहिती आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढत दिली आणि २००८ साली ते कागद सर्वांसाठी खुले झाले. ते वाचून त्यांनी बंदी मागितली. आम्ही म्हणतो, त्याच कागदांत परवानगी देण्यासारखे पुष्कळ होते. पण कागद बाहेर आले ते त्यांच्यामुळे, आपल्यामुळे नव्हे. जानेवारी २०१० मध्ये नागपूरला या वांग्यावर जाहीर सुनावणी झाली, तेव्हा घोषणा देण्यात दोन्ही बाजूंनी कसर ठेवली नाही. फेब्रुवारीत वांग्याला स्थगिती मिळाली. घोषणांनी आपले काय साधले, हे आम्हाला आजही कळलेले नाही. ते कागद घेऊन चार शेतकरी उभे राहिले असते आणि आपल्या वांग्यावर किती फवारण्या होतात ते त्यांनी मोजून सांगितले असते, तर मंत्र्यांना काहीतरी नवे ऐकायला मिळाले असते.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपासून एक बदल ठरवला आहे. पहिला तास भाषणांचा नाही, शेताच्या हकिकतीचा. येताना आपल्या शेतातली वीस हिरवी बोंडे आणा, वेगवेगळ्या झाडांची, डागी निवडून नव्हे. ती तिथेच फोडू. विसात दोन किडकी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली असे समजायचे. कामगंध सापळे लावले असतील तर रोजचे पतंग कागदावर मांडून आणा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, त्याआधी नाही. डोमकळ्या किती दिसल्या, पेरणी कधीची, फरदड ठेवणार की पऱ्हाटी उपटणार, हेही लिहा. बियाण्याचे रिकामे पाकीट आणि पावती फेकू नका. वाण आणि लॉट नंबर याच नोंदवहीत उतरवू, चोर बीटी असेल तर तसेही लिहू, शेतकऱ्याचे नाव मात्र लिहिणार नाही. ज्वारीवाल्यांनी कणसे आणावीत, आणि कडबा व भाकरी कशी होते ते सांगायला घरच्या बाईला सोबत आणावे.

नोंदवही तीन प्रतींत निघेल. एक कृषी विद्यापीठाला, एक कृषी अधिकाऱ्याला, एक इथे भिंतीवर. आकडे बीटीच्या विरोधात गेले तरी छापू, बाजूने गेले तरी छापू. वार्ताहरांना आत बसायला खुर्च्या ठेवल्या आहेत.

त्या बाबांच्या गावी आम्ही निरोप धाडला होता. आता त्यांच्या शेतात मुलगा राबतो. तो येतो म्हणाला आहे. पहिली बोंडे त्याची फोडू.